पुण्याचा सीझन आणि एक वही : भाच्याला फॉर्म शिकवतानाच्या नोंदी

५ जुलै २०२५, शनिवार

उद्या आषाढी एकादशी. ताईने भाच्याबरोबर भगर, शेंगदाणे पाठवले. पिशवी ओट्यावर ठेवून तो निघाला नाही, बसूनच राहिला. मग म्हणाला, "मामा, तू रेसला जायचास ना? मला शिकव." खोदून विचारल्यावर कळलं, आयपीएलच्या दोन महिन्यांत एका ॲपवर अठरा हजार गेले होते. तो चोवीस वर्षांचा आहे, नोकरी संगणकाची, आणि त्याला वाटतं की नीट शिकलं तर गेलेले पैसे परत येतील.

मी तीस वर्षं पुण्याच्या रेसकोर्सवर गेलो, आता जात नाही. त्याला नाही म्हटलं असतं तर तो दुसऱ्या कुणाकडे गेला असता. म्हणून फॉर्म, म्हणजे घोड्यांची आजवरची कामगिरी, वाचायला शिकवायला हो म्हटलं, तीन अटींवर. सीझन संपेपर्यंत एक रुपयाही लावायचा नाही. प्रत्येक शर्यतीआधी प्रत्येक घोड्याची जिंकण्याची शक्यता टक्क्यांत लिहायची, बेरीज शंभरच यायला हवी, आणि हे भाव बघण्याआधी लिहायचं. शर्यत झाल्यावर आधीच्या आकड्याला हात लावायचा नाही, पेनानेच लिहायचं.

जाताना त्याने मोबाइलवर १९९६चा सुप्रीम कोर्टाचा निकाल दाखवला, मद्रासच्या रेस क्लबच्या प्रकरणातला. घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असं त्यात म्हटलंय. ते खरंच आहे. पण कोर्टापुढचा प्रश्न कायद्याचा होता, हा जुगार धरायचा की नाही. कौशल्य असलेला माणूस पैसे मिळवेल, असं कोर्टाने कुठेही म्हटलेलं नाही. समोर पैसे लावणाऱ्यांकडेही कौशल्य असतंच. हे त्याला आज फारसं पटलं नाही.

९ जुलै, बुधवार

पहिला धडा घोड्यांचा घेतलाच नाही, खिडकीचा घेतला. टोटवर, म्हणजे क्लबच्या तिकीट खिडकीवर, आपण क्लबविरुद्ध खेळत नसतो. सगळ्यांचे पैसे एका ढिगात पडतात, क्लब आणि सरकार आपापला वाटा उचलतात, उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटलं जातं. ही पद्धत पॅरिसमध्ये जोसेफ ओलेरने १८६७ साली काढली. पुढे जॉर्ज ज्युलियसने तिचं आपोआप हिशोब करणारं यंत्र बनवलं, ते १९१३ साली ऑकलंडच्या रेसकोर्सवर बसलं. भाच्याला हे आवडलं. एका खोलीएवढा दातेरी चाकांचा संगणक म्हणजे त्याच्याच धंद्याचा पणजोबा.

मग वहीत आठ घोड्यांची एक शर्यत मांडली. दहा रुपयांच्या तिकिटाला मिळणारी रक्कम अशी : २५, ४०, ६०, ८०, १२०, २००, ३००, ४००. दहाला त्या-त्या रकमेने भागलं की लोकांनी घोड्याला दिलेली शक्यता निघते. पहिल्याला ४० टक्के, दुसऱ्याला २५, असं खालपर्यंत. बेरीज करायला लावली. ११३ आणि थोडं वर आलं.

"शंभर कसे नाही आले?"

वरचे तेरा म्हणजे मधल्या लोकांचा वाटा. आठही घोड्यांवर भावाच्या प्रमाणात पैसे लावले तर शंभरातले अठ्ठ्याऐंशी परत येतात. कर यात धरलेला नाही, तो नंतर बघू. नवशिक्याने घोड्याचं नाव पाठ करण्याआधी ही बेरीज करायला शिकावं, असं मला फार वाटतं. मला ती करायला अकरा वर्षं लागली.

१६ जुलै, बुधवार

आज हँडिकॅप. हा विषय माझ्या जिवाचा, त्यामुळे चहा दोनदा झाला.

घोडा धावत जातो तसं क्लबचा हँडिकॅपर त्याला रेटिंग देतो. आपल्याकडे एक पॉइंट म्हणजे पाठीवर अर्धा किलो. रेटिंग साठ असलेला घोडा पन्नासवाल्यापेक्षा पाच किलो जास्त घेऊन पळतो. सगळ्यांनी एकाच वेळी खांबापाशी पोचावं, हे हँडिकॅपरचं काम. त्याचा अंदाज कुठे चुकलाय ते शोधणं, हे आपलं. हँडिकॅपिंग म्हणतात ते एवढंच. अमका घोडा चांगला आहे का, असा प्रश्नच नसतो. आज, या वजनाला, या अंतरावर, या घोड्यांपुढे तो कागदावर दिसतो त्यापेक्षा बरा आहे का, हे बघायचं असतं.

उदाहरण घेतलं. नावं लिहीत नाही, अ आणि ब म्हणू. चौदाशे मीटरला अ दोन लेंग्थने (एक लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी) जिंकला, ब दुसरा. हँडिकॅपरने अ ला सहा पॉइंट चढवले, ब तिथेच. पुन्हा गाठ पडेल तेव्हा अ तीन किलो जास्त घेऊन पळणार. चौदाशेला साधारण एक किलोला एक लेंग्थ धरतात. अंतर कमी असेल तर एका लेंग्थला जास्त वजन लागतं, चोवीसशेला त्याहून बरंच कमी. म्हणजे हिशोबाने आता ब एका लेंग्थने पुढे हवा. भाचा लगेच ब ला ६० टक्के द्यायला निघाला.

त्याला थांबवलं. अ तीन वर्षांचा आहे आणि त्याची ही फक्त चौथी शर्यत. वाढता घोडा तीन किलो पचवू शकतो. ब सहा वर्षांचा, बावीस वेळा पळालेला, त्याच्यात दडलेलं काही उरलेलं नाही. आणि मागच्या वेळी अ वर शिकाऊ जॉकी होता का? शिकाऊला वजनात सवलत असते. ती या वेळी गेली असेल तर बोजा आणखी वाढतो.

मग वर्ग. तिसरा वर्ग ४० ते ६६, चौथा २० ते ४६. मधली पट्टी दोन्हींत बसते. ४४ रेटिंगचा घोडा चौथ्या वर्गात जवळजवळ सगळ्यात जड पळतो, तिसऱ्या वर्गात ६६वाल्यापेक्षा अकरा किलो हलका. ट्रेनर कुठली नोंद करतो, त्यावरून त्याच्या मनात काय आहे ते थोडंफार समजतं. हे सांगितलं तेव्हा भाच्याचे डोळे चमकले. मलाही तीस वर्षांपूर्वीचा तो दिवस आठवला, रेसच्या पुस्तकातले आकडे पहिल्यांदा बोलायला लागले तो.

डर्बीसारख्या क्लासिक शर्यती या हिशोबात बसत नाहीत. तिथे रेटिंग बघून वजन देत नाहीत, फक्त फिलींना, म्हणजे तरुण घोडींना, थोडी सवलत. १९४३ची पहिली इंडियन डर्बी प्रिन्सेस ब्युटिफुल या फिलीनेच मारली होती. नवशिक्याने क्लासिकचं वाचन वेगळ्या पानावर ठेवावं.

२१ जुलै, सोमवार

पहिल्या सहा शर्यती वहीत. एका घोड्याला त्याने ७५ टक्के दिले, घोडा चौथा आला. बोललो काहीच नाही. पंच्याहत्तर टक्के म्हणजे काय, ते त्या पानावर पेनाने लिहिलेलं आहे.

२ ऑगस्ट, शनिवार

पहाटे साडेपाचला निघून घोड्यांची कामं, म्हणजे सकाळचा सराव, बघायला गेलो. ओळखीच्या एका माणसाने आत सोडलं. आभाळ खाली उतरलेलं, गवतावर पाणी, आणि घोडे धुक्यातून येताना आधी श्वास ऐकू येतो, घोडा मागून दिसतो. १८३० पासून कॅम्पातल्या या मैदानावर घोडे पळतायत. रेस बंद केली तरी या पहाटेचा मोह मला सुटलेला नाही. तो सुटावा असंही वाटत नाही.

वर्तमानपत्रात कामाच्या वेळा येतात त्या कशा वाचायच्या, हे आज समोर दाखवता आलं. '१००० मीटर १-०७, ६००/३९, ईझी' म्हणजे हजार मीटर एक मिनिट सात सेकंदांत, त्यातले शेवटचे सहाशे एकोणचाळीसमध्ये, आणि घोडा सहज पळाला. तीच वेळ आणि पुढे 'पुश्ड' असेल तर अर्थ पार बदलतो. जॉकीने ढकलून ढकलून काढलेले एकोणचाळीस आणि लगाम धरून आलेले एकोणचाळीस सारखे नसतात. दोन घोडे जोडीने पळाले तर कोण बरा दिसला तेही लिहिलेलं असतं. तिथे जोडीदार कोण होता ते बघायचं. पाचव्या वर्गातल्या घोड्याला मागे टाकण्यात काय मोठेपण?

भाच्याने विचारलं, "मामा, वर कोण बसलं होतं ते कसं कळणार?" फार योग्य प्रश्न. सकाळी पंचावन्न किलोचा जॉकी होता की सत्तर किलोचा रायडिंग बॉय, यावर वेळ फिरते. छापलेली वेळ म्हणजे अर्धी बातमी.

आणि जमीन. पेनेट्रोमीटरचा आकडा शर्यतीच्या दिवशी जाहीर होतो, जमिनीत टोक किती रुततं त्यावरून. पुण्याच्या पावसाळी सीझनमध्ये मी हा आकडा कामाच्या वेळांच्या आधी बघायचो. ओल्या मैदानावर पाय घट्ट रोवून पळणारे घोडे असतात, तसे पाणी उडालं की तोंड फिरवणारेही असतात. फॉल्स रेल, म्हणजे आतलं तात्पुरतं कुंपण, किती मीटर बाहेर आहे तेही लिहून ठेवायचं, कारण त्याने वळण बदलतं आणि कुठला गेट बरा हेही.

एवढं सगळं टिपूनही शर्यत एका अडखळण्यावर जाते. घरी येताना त्याला हे सांगितलं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

एक नोंद फक्त. शेवटच्या शर्यतीचे टक्के भाच्याने घाईत लिहिले. का विचारलं तर म्हणाला, "दिवसभर एकही लागला नव्हता, एक तरी लागावा म्हणून लांबचा, मोठ्या भावाचा घोडा वर घेतला." पैसा नसतानाही हे होतं! आधीच्या सात शर्यतींची आठव्या शर्यतीतल्या घोड्याला काय खबर? माझ्या ऑफिसातला एक जण दर रविवारी शेवटच्या रेसला सगळं वसूल करायला जायचा. पतपेढीचं कर्ज फेडता फेडता त्याची निवृत्ती आली.

लांबच्या घोड्यांवर लोक लायकीपेक्षा जास्त पैसे लावतात आणि फेव्हरिटवर, म्हणजे सगळ्यात कमी भावाच्या घोड्यावर, त्या मानाने कमी, हे अमेरिकेत ग्रिफिथ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९४९ सालीच आकड्यांनी दाखवलं. दिवसाच्या शेवटी हे आणखी वाढतं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

२३ ऑगस्ट, शनिवार

ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणाऱ्या कायद्यावर काल राष्ट्रपतींची मोहोर उमटली. भाच्याच्या ॲपने पैशांचे सामने बंद केले. मला वाटलं, सुटला. तो म्हणाला, "मामा, मित्राने आयडी देतो म्हटलंय."

आयडी म्हणजे परदेशातल्या सट्ट्याच्या साइटचं खातं. ते कुणीतरी व्हॉट्सॲपवर देतो आणि पैसे भलत्याच माणसाच्या खात्यात भरायला सांगतो. आवाज न चढवता त्याला सगळं सांगितलं. आपल्याकडे क्रिकेटवर सट्टा हा गुन्हा आहे. जिंकलास आणि पैसे दिले नाहीत तर तक्रार कुठे करशील? ज्याच्या खात्यात पैसे टाकतोस ते खातं फसवणुकीत सापडलं तर पोलीस तुझंही खातं गोठवतील. रेसकोर्स १९१२च्या परवाना कायद्याखाली चालतो, तिथे तिकीट हातात मिळतं. या दोन गोष्टींना एका तराजूत घालू नकोस.

टेलिग्रामवरच्या 'पक्क्या' टिपांचा खेळही कागदावर काढून दाखवला. हजार लोकांपैकी पाचशेंना एक संघ सांगायचा, पाचशेंना दुसरा. बरोबर निघालेल्या पाचशेंचे पुन्हा दोन भाग. चार सामन्यांनंतर साठेक लोक उरतात, ज्यांच्या दृष्टीने हा माणूस एकदाही चुकलेला नाही. त्यांच्याकडून मग फी घ्यायची.

तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, अठरा नाही, एकसष्ट हजार गेलेत. त्यातले चाळीस क्रेडिट कार्डावर. ताईला माहीत नाही.

ही वही शर्यतींची आहे, पण हेही इथेच लिहितो. दीड महिना हा मुलगा माझ्यासमोर बसून टक्के मांडत होता आणि मला कळलं नाही. मी रागावलो नाही. चाळीस हजारांवर कार्डाचं व्याज किती लागतंय ते दोघांनी मिळून काढलं, आणि ते हप्त्यांत बदलून घ्यायचं ठरवलं. ताईला त्याने स्वतः सांगायचं, मी शेजारी बसेन. रात्री झोप लागत नाही म्हणाला. त्याला १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर दिला, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीतही बोलतात. लावला त्याने, माझ्यासमोर.

४ सप्टेंबर, गुरुवार

गौरी गेल्या, घर मोकळं झालं. ताईशी बोलणं झालंय, ती रडली, मग तिनेच जेवायला वाढलं.

वहीत आज एक मोठी गोष्ट झाली. गेल्या आठवड्यातल्या एका शर्यतीत भाच्याने एका घोड्याला ३० टक्के दिले होते. भाव निघाला दहाला चाळीस, म्हणजे लोकांच्या मते २५ टक्के. तो धावतच आला. दर शंभराला १२० परत येण्याचा अंदाज, वीस रुपये वर! विजेता ओळखण्यापेक्षा भाव चुकलेला शोधायचा असतो, हे त्याने स्वतः शोधून काढलं. मला मनापासून आनंद झाला. बहुतेक लोक रेसकोर्सवर आयुष्य काढतात आणि इथवर पोचत नाहीत.

मग मी विचारलं, खिशातून किती गेले? तिकिटाच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी. शंभराच्या पैजेला १२८. परत येण्याचा अंदाज तोच, १२०. वीसचा नफा आठच्या तोट्यात गेला. आणि काल रात्री जीएसटी परिषदेने दर ४० टक्के करायचं ठरवलंय, २२ तारखेपासून. मग १४० द्यायचे, १२० परत. लोक २५ टक्के म्हणत असलेला घोडा खरं तर ३५ टक्क्यांचा असेल तेव्हा कुठे बरोबरी होणार. एवढी मोठी चूक बाजार क्वचित करतो.

टोटचा अंतिम भाव खिडकी बंद झाल्यावरच कळतो, तिकीट घेताना दिसतो तो नुसता चालू अंदाज असतो, तेही वेगळंच.

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. नवा दर आजपासून. ९ जुलैचं पान उघडून त्या आठ घोड्यांचा हिशोब पुन्हा केला. २८ टक्क्यांना खिशातल्या शंभरातले एकोणसत्तर परत येत होते, आता त्रेसष्ट.

इन्कमटॅक्सचंही लिहून ठेवलं. शर्यतीतल्या जिंकलेल्या रकमेवर सरळ ३० टक्के, वर सेस. दहा हजारांच्या वर जिंकलं की टीडीएस आधीच कापून हातात. हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत. वर्षात पन्नास हजार जिंकून साठ हजार हरलेला माणूस खिशातून दहा हजारांनी गेलाच, वर पंधरा हजार कर.

५ ऑक्टोबर, रविवार

भाच्याने सगळ्या टक्क्यांची छाननी संगणकावर केली. ज्या घोड्यांना त्याने ४० टक्क्यांच्या आसपास दिले होते असे पंचवीस निघाले. त्यातले दहा जिंकायला हवे होते, जिंकले सात. खाली १० टक्क्यांवाले साठ, जिंकले सात, म्हणजे तिथे जवळजवळ बरोबर. आवडलेल्या घोड्यावर तो जास्त भाळतो. हे सगळ्यांचं होतं. फरक एवढाच की त्याच्याकडे ते लिहिलेलं आहे, आणि पहिल्या महिन्यातला ७५ टक्के पुन्हा कुठे दिसला नाही.

रात्री त्याला हाँगकाँगच्या रेसवर संगणकाच्या मॉडेलने पैसे लावणाऱ्या बिल बेंटरबद्दल सांगितलं. १९८४च्या सुमारास तो ॲलन वुड्स या साथीदाराबरोबर तिथे गेला. आधी वर्षानुवर्षं पैसे गमावले, मग मिळवले आणि अफाट मिळवले. त्याची कळीची युक्ती मला फार सुंदर वाटते : स्वतःच्या मॉडेलचा आकडा आणि लोकांनी लावलेला भाव, दोन्ही एकत्र करून तिसरा अंदाज काढायचा. गर्दीला मूर्ख धरायचं नाही. पण तिथे विनच्या, म्हणजे पहिल्या नंबरावरच्या पैजांच्या, ढिगातून कापतात ते १७.५ टक्के, आणि ढीग डोंगराएवढा. आपल्या वहीतल्या शर्यतीत आज ३७ जातात. भाच्याने हे दोन आकडे स्वतःच शेजारी शेजारी लिहिले.

१८ ऑक्टोबर, शनिवार

धनत्रयोदशी. वही बंद करायचं आज ठरलं होतं, सीझनच्या उरलेल्या शर्यती आम्ही धरल्या नाहीत.

एकूण ६४ शर्यती. भाच्याचा पहिला घोडा जिंकला १५ वेळा, लोकांचा फेव्हरिट २२ वेळा. प्रत्येक वेळी शंभर धरले तर ६,४०० लावले. भाच्याच्या घोड्यांनी ५,२५० परत दिले, फेव्हरिटांनी ५,२८०. सात विजेते कमी आणि पैसे जवळजवळ तेवढेच, कारण त्याचे घोडे चढ्या भावाचे होते. तीन महिन्यांत रेसच्या पुस्तकातून एवढं शिकणं ही लहान गोष्ट नाही, आणि हे मी त्याला तोंडावर सांगितलं.

कर : पहिल्या ४६ शर्यतींना २८ प्रमाणे १,२८८, पुढच्या १८ ला ४० प्रमाणे ७२०. एकूण २,००८. एकंदर तोटा ३,१५८. हा कागदावरचा.

नोव्हेंबरपासून मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सचा सीझन. त्याला फॉर्म वाचणं आवडायला लागलंय, फेब्रुवारीतली डर्बी उभी राहून बघायचीय म्हणतो. नवी वही त्याने येताना आणलीच होती. रकाने आखले : घोडा, वजन, रेटिंग, कामं, जमीन, माझे टक्के, लोकांचे टक्के. शेवटचा रकाना 'लावलेली रक्कम' असा मी जुन्या वहीत आखला होता आणि तो तीन महिने कोराच राहिला. नव्या वहीत त्याने तिथे 'कार्ड बाकी' लिहिलं आणि पहिल्या ओळीत आकडा टाकला : ३३,४००. ताईने आतून हाक मारली, दिवे लावायचे होते.